बाबांनी लिहून दिलं

आमच्या घरात खोटं बोलायची मुभा फक्त आईला होती. शाळेला दांडी झाली, रेशनवाल्याशी भांडण झालं, नको तो पाहुणा टपकला, की आई इतकं बेमालूम काहीतरी सांगायची की ऐकताना आम्हा दोघी बहिणींनाही ते खरंच वाटायचं. बाबांना हे जन्मात जमलं नाही. दारात कोणी आलं आणि आई आतून हातवारे करत असली, नाही म्हणा, नाही म्हणा, तरी बाबा शांतपणे सांगायचे, “आहे घरात. पण तिला आत्ता बाहेर यायचं नाहीये.” माणूस गेला की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. “अहो हरिश्चंद्र, चर्चमध्ये बोला काय खरं बोलायचं ते! घरात आम्हाला जरा जगू द्या!” बाबा हसायचे आणि पेपरात डोकं खुपसायचे. माझा तापट स्वभाव आईचाच, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको.

परळला आमची चाळ होती. आज तिथे टॉवर उभा आहे आणि त्याच्या अकराव्या मजल्यावर बसून मी हे लिहितेय. इथे शेजारी कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून कळतं. तेव्हा ते आवाजावरून कळायचं. सकाळी डावीकडून कांबळे काकींच्या टेपवर बुद्धवंदना सुरू व्हायची, उजवीकडून परब काकींच्या घरची घंटी, आणि मधल्या आमच्या खोलीत बाबा तोंडाला साबण फासून दाढी करता करता स्तोत्र म्हणायचे. साबण तोंडात गेला की स्तोत्र अर्ध्यावर थांबायचं. गिरणी बंद पडल्यावर बाबा आमच्या चर्चच्या शाळेत शिपाई झाले होते. पण रविवारी त्याच चर्चमध्ये ते पंच, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक होते, मंडळीपुढे उभं राहून शास्त्रपाठ वाचायचे. त्यांचा आवाज असा की मागच्या बाकावरची पोरंही चुळबुळ थांबवायची. रविवारी घरी मटण आणि बाजरीची भाकरी. नगरकडून येऊन इतकी वर्षं झाली तरी आईच्या हातची बाजरी काही सुटली नव्हती. आणि ताटात काहीही असो, नुसता कपभर चहा असो, डोळे मिटून, मान खाली घालून दोन ओळींची प्रार्थना झाल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. “साळव्यांची चहा निववायची ही ख्रिस्ती पद्धत,” असं कांबळे काकी म्हणायच्या.

कागदावर मात्र आम्ही ख्रिस्ती नव्हतो. ही गोष्ट आमच्या लोकांत इतकी सर्रास आहे की त्यात सांगण्यासारखं काही आहे हे मला मोठी होईपर्यंत कळलं नाही. पणजोबांनी एका दुष्काळात गावच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे बाबांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी विचारलं-सवरलं काही नाही, हा महारवाड्यातला पोरगा आहे हे त्यांना दिसत होतं, त्यांनी लिहून टाकलं, हिंदू महार. बाबांच्या दाखल्यावर जे लिहिलं ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. पण आमच्या दोघींच्या वेळी आईनं एकटीनं शाळेत जाऊन जाणूनबुजून तेच लिहिलं. बाबांना कळलं तेव्हा आठवडाभर त्यांनी आईशी अबोला धरला होता म्हणे. मग ते बोलायला लागले आणि विषय कधी निघालाच नाही.

कायदा काय म्हणतो ते मला कांबळे काकींनी समजावलं, गॅलरीत तांदूळ निवडत. “हे बघ शीला, आम्ही बौद्ध झालो तरी सवलत राहिली. भांडून भांडून राहिली, कुणी ताटात वाढून नाही दिली. तुम्ही येशूकडे गेलात. सरकार म्हणतं, येशूकडे जात नसते, मग सवलत कशाला?” मी म्हटलं, “मग जात गेली का आमची?” काकी एवढ्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. कारण त्याच मे महिन्यात आम्ही गावी लग्नाला गेलो होतो आणि एसटी स्टँडवरच्या हॉटेलात आम्हाला चहा वेगळ्या, कान तुटलेल्या कपांतून मिळाला होता. तिथे कुणी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. आणि खुद्द आमच्या चर्चमध्ये, प्रभूच्या एका भाकरीचे आम्ही सगळे वाटेकरी ना, तिथेही सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असायचा, “मूळ कुठले?” आज हे लिहितानाही माझं डोकं तापतं. गावाला आमची जात पाहिजे, चर्चला पाहिजे, फक्त सरकारी खिडकीपाशी गेलं की आम्ही एकदम बिनजातीचे संत!

कांबळे काकींचा एक राग मात्र आमच्यावरही होता. “आम्ही धर्म बदलला तो छाती ठोकून बदलला. तुम्ही मांजरासारखं डोळे मिटून दूध पिता.” बोलायच्या त्या, पण आमच्या घरचं कोणी आजारी पडलं की पेज पहिली त्यांच्याकडूनच यायची.

माझी ताई, सुहास, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. अभ्यासाला घरात जागा नाही म्हणून ती गॅलरीच्या टोकाला, नळाजवळ, उपड्या बादलीवर बसून वाचायची. नळ गळायचा, पोरं तिच्या अंगावरून धावायची, तिला पत्ता नसायचा. बारावीला तिला असे मार्क पडले की चाळीनं पेढे वाटले. डॉक्टर होणार, हे ती सातवीपासून सांगत होती आणि आम्ही हसत होतो. आता हसणं बंद झालं. खुल्या जागेसाठी थोडेसे मार्क कमी पडत होते. जातीच्या दाखल्यावर मात्र तिला मुंबईतच मेडिकलला जागा मिळाली. फक्त दाखल्याची पडताळणी व्हायची होती. एक दिवस पत्र आलं, शनिवारी सकाळी चौकशीसाठी अधिकारी घरी येतील. घर बघतील, माणसांशी बोलतील, देव कोणते, चालीरीती काय, ते विचारतील.

पत्र वाचून आई म्हणाली, “येऊ दे. मी बघते.” बाबा म्हणाले, “मी खोटं बोलणार नाही.” ताई पत्राची घडी परत परत करत राहिली. “मग काय, खरं सांगणार?” आईनं विचारलं. “सांगा! पोरीला परत बादलीवर बसवा. तुमचा स्वर्ग पक्का, तिचं काय?” बाबा म्हणाले, “मी घरात थांबणार नाही त्या दिवशी. तुम्हाला काय करायचं ते करा.” आणि चपला घालून खाली गेले. मला बाबांचा अभिमान वाटला होता. सोळाव्या वर्षी अभिमान वाटायला काय लागतं?

शनिवारी पहाटेपासून घरात धावपळ होती. दारासमोरच्या भिंतीवर ‘प्रभू येशू या घराचा धनी’ अशी लाकडी पाटी होती, माझ्या जन्माआधीपासूनची. ती आईनं उतरवून ट्रंकेत, गोधड्यांखाली घातली. बायबलं, गीतांची पुस्तकं, तीही तिथेच. पाटीच्या जागी भिंत फिकट राहिली होती. “आमच्याकडचा फोटो न्या,” कांबळे काकी म्हणाल्या, “पण तुमच्या कागदावर हिंदू आहे, आमचा बुद्ध काय कामाचा?” मग परब काकींनी त्यांच्या देव्हाऱ्यातला गणपतीचा फोटो आणला. फोटो लहान होता, फिकट जागा चहूबाजूंनी उरली. “राहूं दे गो, भटजीक नाय बोलावलंव, सायबाक बोलावलंव,” काकी म्हणाल्या. आईच्या मंगळसूत्रात दोन वाट्यांच्या मधे एक छोटा क्रूस होता. तो तिनं आदल्याच दिवशी लालबागच्या सोनाराकडून काढून घेतला होता. सगळ्यात शेवटी परब काकींनी आईला समोर बसवलं, हनुवटी धरली आणि कपाळावर कुंकू टेकवलं. आईनं आयुष्यात कधी कुंकू लावलं नव्हतं. तिनं आरशात पाहिलं, आणि खोटेपणात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं त्या माझ्या आईनं झटकन आरसा पालथा घातला.

बाबा ठरल्याप्रमाणे बाहेर गेले होते. पण गेले कुठे, तर चाळीच्या तोंडाशी वाण्याच्या फळीवर बसले. लांब जायला हवं होतं हे त्यांना सुचलंच नाही, किंवा सुचलं तरी पाय निघाले नसतील. दहाच्या सुमारास काखेत फाईल धरलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला एक माणूस आला आणि त्यानं नेमकं त्यांनाच विचारलं, “साळवे कुठे राहतात हो?” दुसरा कुणी असता तर ‘वर, दुसऱ्या मजल्यावर’ म्हणून मोकळा झाला असता. बाबा उठून उभे राहिले. “मीच साळवे. चला.” मी गॅलरीतून पाहिलं, बाबा पुढे, साहेब मागे, जिना चढून येताहेत. आईनं कपाळावर हात मारला. “केला घात या माणसानं!”

बाबा उंबऱ्यात थबकले. आधी त्यांनी भिंतीवर पाहिलं, मग आईच्या कपाळाकडे. मग परक्या घरात शिरावं तसे अंग चोरून आत आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. साहेब सज्जन वाटले. पाणी प्याले, ताईचे मार्क पाहून “वा” म्हणाले. मग विचारायला लागले. कुलदैवत कोणतं? “जेजुरीचा खंडोबा,” आई म्हणाली. लग्नात विधी काय काय? आईनं हळद, देवक, सगळं धडाधड सांगितलं, कांबळे काकींच्या सासूकडून आठवडाभर ऐकून पाठ केलेलं. बाबा खाली फरशीकडे पाहत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी चहा आणला. साहेब म्हणाले, “तूही बस ना बाळ, घे चहा.” मी बसले. कप हातात घेतला. आणि माझे डोळे मिटले, मान खाली गेली, ओठ हलायला लागले.

मी ते केलं नाही, ते झालं. डोळे उघडले तेव्हा साहेबांचा कप हवेतच थांबलेला होता. “काय म्हणत होतीस?” त्यांनी विचारलं. ताईचा चेहरा पांढराफटक. मी आईकडे पाहिलं, आई काहीतरी सांगेल, काहीही सांगेल. पण आईची दातखीळ बसली होती. पलीकडे कांबळे काकींच्या कुकरची शिट्टी झाली. साहेबांची नजर माझ्यावरून गणपतीवर गेली आणि त्याच्या भोवतीच्या फिकट चौकोनावर रेंगाळली.

“मी शिकवलंय तिला,” बाबा म्हणाले. “अन्नापुढे मान वाकवायची.”

“चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “धर्म कोणता तुमचा?”

“कागदावर आहे तोच.”

“कागदावरचं मी वाचलंय. तुमच्या तोंडून सांगा.”

बाबांनी ताईकडे पाहिलं. मग म्हणाले, “हिंदू.”

साहेबांनी फाईलमधून एक कोरा कागद काढला. “तेवढं लिहून द्या. आणि असं करा, ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही, असंही लिहा. नंतर कोणी तक्रार केली तर बरं असतं.” हे त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते आम्हाला वाचवत होते, की नेहमीचीच पद्धत होती, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. बाबांचं अक्षर मोत्यासारखं. चर्चच्या सभांचे वृत्तांत तेच लिहायचे. स्टूल पुढे ओढून त्यांनी लिहिलं. मी, माझी पत्नी व दोन्ही मुली हिंदू धर्म पाळतो. आम्ही जातीने महार आहोत. ख्रिस्ती धर्माशी आमचा कोणताही संबंध नाही. तीनच ओळी, पण दोन ओळींनंतर ते पेन धरून थांबले होते आणि आम्ही कोणी श्वास घेत नव्हतो. सही केली. साहेब गेले. बाबांचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबा आमच्याबरोबर चर्चला आले आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसले. पंचपद सोडत असल्याचं पाळक साहेबांना, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, त्यांनी आधीच सांगितलं होतं. शास्त्रपाठ दुसऱ्याच कुणी अडखळत वाचला. महिन्याच्या प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीची भाकरी आणि द्राक्षरस सगळे मिळून घेतात तेव्हा, भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरत आलं, बाबांनी ते हातात धरलं आणि तुकडा न उचलता शेजारच्याला दिलं. पेल्याचंही तेच. पाळक साहेब घरी आले, म्हणाले, “साळवे, निम्म्या मंडळीचे कागद असेच आहेत. देव कागद वाचत नाही.” बाबा म्हणाले, “त्यांचे कागद दुसऱ्यांनी लिहिलेत साहेब. हा मी लिहिलाय. मला विचारलं, आणि मी ओळखत नाही म्हणालो.” पाळकांनी येशूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट काढली, त्यानंही येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं होतं, त्यालाही क्षमा झाली. बाबा म्हणाले, “त्याच्याकडून सही कुठे घेतली होती?” आणि विषय संपला. मला वाटलं होतं महिना-दोन महिन्यांत निवळेल. बाबांनी मरेपर्यंत प्रभुभोजन घेतलं नाही.

आणि मी काय केलं? मी त्यांच्यावर रुसले. चूक माझी, हे सहन होईना, म्हणून त्यांना धारेवर धरलं. “खोटंच बोलायचं होतं तर मला खरं बोलायला कशाला शिकवलंत?” असं तोंडावर विचारलं. आईनं मला फाडकन थोबाडीत मारली. बाबा म्हणाले, “मारू नकोस तिला. ती चुकलेली नाही.” म्हणजे कोण चुकलं होतं ते सांगून झालं. ताईशीही मी नीट वागले नाही. ती डॉक्टर झाली, महापालिकेच्या दवाखान्यात लागली, रात्रंदिवस राबली, अर्ध्या परळ-शीवच्या बायका तिच्या हातून बाळंत झाल्या. तरी भांडणात माझ्या तोंडून एकदा निघालं, “तुझी डिग्री बाबांच्या ताटातली आहे.” तिनं शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आता चर्चच्या दारात नाताळला पोलीस बसतो. मधे काही पोरं मोबाईल घेऊन आली होती, इथे कोण कोण नवीन येतं, नावं सांगा म्हणत. नवे पाळक, माझ्या मुलाच्या वयाचे, प्रवचनात सांगतात, निर्भयपणे साक्ष द्या. मग उपासना संपल्यावर बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांचं कपाट दोनदा ओढून बघतात, कुलूप लागलंय ना. मी त्यांना हसत नाही. मला हसायचा काय अधिकार?

बाबा गेले ते वर्ष ताईसाठी वाईटच होतं. बढतीच्या वेळी कुणीतरी निनावी अर्ज केला होता, हिच्या दाखल्याची पुन्हा चौकशी करा, ही बाई ख्रिस्ती आहे. आमचे बाप्तिस्मे गावच्या चर्चमध्ये झालेले, तिथल्या जुन्या वह्या वाळवीनं कधीच खाल्ल्या होत्या, म्हणून पुरावा हाती लागत नव्हता. ताईनं बाबांना काही कळू दिलं नव्हतं, पण घरात गोष्ट लपते थोडीच. शेवटच्या आठवड्यात त्यांनी आईला आणि मला जवळ बोलावलं. “मला पुरू नका,” म्हणाले. “पुरलं की चर्चमध्ये नोंद होते, कबरस्तानात नोंद होते. जाळा.” आई ओरडली, “जाळू? तुम्हाला? काहीतरी बोलू नका!” आमच्याकडे जुन्या माणसांना पुरणं म्हणजे नुसता रिवाज नाही. शेवटल्या दिवशी कर्णा वाजेल, कबरी उघडतील आणि आपण याच देहानं उठू, यावर बाबांचा मुलासारखा विश्वास होता. ते म्हणाले, “देवाला राखेतून उठवता येत नसेल, तर तो कसला देव? पोरीची अजून बरीच नोकरी आहे.”

भोईवाड्याच्या स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो. पाळक साहेब साधा शर्ट घालून, लोकांत मिसळून मागे उभे होते. गीत नाही, वचन नाही. कांबळे काकी काठी टेकत आल्या होत्या, आईला धरून बसल्या होत्या. नोंदणीच्या खिडकीशी मी आणि ताई उभ्या राहिलो. आतल्या माणसानं मान वर न करता नाव विचारलं, वय विचारलं, मग म्हणाला, “धर्म?”

मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा मी ओळखते. ती खरं सांगणार होती. घरून निघतानाच तिनं ते ठरवलं असणार, नोकरी जाऊ दे, डिग्री जाऊ दे, निदान इथे तरी माझ्या बापाला त्याचं नाव मिळू दे. तिनं तोंड उघडलं, आणि तिच्याआधी मी म्हटलं, “हिंदू.”

“सही.”

मी सही केली. ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एवढ्या मोठ्यानं रडली की आतला माणूस पहिल्यांदाच मान वर करून बघायला लागला. बाबांना ते लिहायला मधे थांबावं लागलं होतं. मला श्वासही घ्यावा लागला नाही.